रविवारची शांतता

चि. शालन,

ताईचा आशीर्वाद. मी बरी आहे. रणजितचं गाव म्युनिकपासून रेल्वेने वीस मिनिटांवर आहे. खिडक्यांत फुलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. रविवारी इथे आवाज चालत नाही. कुणी खिळासुद्धा ठोकत नाही.

परवा रविवारी आमच्या ह्यांचं वर्षश्राद्ध होतं. फोटोला हार घालताना मला मोठ्याने रडू फुटलं. शेजारणीने तक्रारीची चिठ्ठी टाकली. रणजितने ती वाचली आणि म्हणाला, "आई, उद्या रड ना."

काल तो कामावर गेला. पण नात नुकतीच झोपली होती, म्हणून तोंडात पदर कोंबला.

तुझे गुडघे कसे आहेत? सदाशिव पेठेतल्या माझ्या घरासाठी रणजित भाडेकरू बघतोय. त्याचा फोन आला तरी किल्ली देऊ नकोस.

तुझी ताई