देव नसलेल्या देवळात अनवाणी

आप्पा, नदीकाठच्या त्या पडक्या देवळात शिरताना तुम्ही पायातलं का काढायचात? आत देव नव्हता. शिखर कधीचंच ढासळलेलं, गाभाऱ्यात वटवाघळं, मंडपात शेळ्यांच्या लेंड्या आणि बाभळीचे काटे. तरी तुम्ही उंबऱ्याशी वाकायचात, आधी माझ्या चपलेचा पट्टा सोडायचात, मग स्वतःचे बूट. गेल्या रविवारी एका माणसानं मला हेच विचारलं आणि इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या तुमच्या मुलीला उत्तर आलं नाही. तेव्हापासून मी घरात एका जागी बसलेली नाही. भांडी घासता घासता उठते, गच्चीवर जाते, परत येते. आई म्हणते, "जरा बूड टेक की गं. पायाला भिंगरी लावलीया का?"

तो माणूस मला बघायला आला होता. शिरूरचा, सणसवाडीच्या कंपनीत क्वालिटीला. पोहे झाले, चहा झाला, आणि मामा म्हणाले, "आता पोरापोरीला बोलू द्या. बागेत जाऊन या. बागेतच फिरा बरं का, लांब जाऊ नका." तुम्ही होता तेव्हा ही रीत नव्हती. आता दौंडात सगळे असंच करतात. घरं लहान, म्हणून नगरपालिकेची बाग. मोठी माणसं फाटकाजवळच्या बाकावर भेळ खातात आणि ज्यांचं जमवायचं ते दोघं पेव्हर ब्लॉकवरून फेऱ्या मारतात. त्या दिवशी बागेत असं आणखी एक जोडपं होतं. वळणावर समोरासमोर आलो की आम्ही चौघंही सिमेंटच्या जिराफाकडे बघायचो.

"तुम्हाला काय आवडतं?" त्यानं विचारलं.

"चालायला."

"मग चालतोयच की."

"हे गोल गोल न्हाई," मी म्हणाले, आणि त्याला मागच्या फाटकानं बाहेर काढलं. का, ते मलाही कळलं नाही. माझे पाय आपल्याच वाटेला लागले. मंडईची मागची गल्ली, मग म्हाताऱ्या माणसांसाठी केलेली नवी बाग, जिथं आजोबा लोक व्यायामाच्या मशीनवर नुसते बसून गप्पा मारतात, मग भीमेकडे उतरणारा दगडी रस्ता. ती बाग आपल्या वेळी नव्हती, तिथं उकिरडा होता. केडगावच्या गोडाऊनवरची रात्रपाळी संपवून तुम्ही रविवारी सकाळच्या गाडीनं यायचात, आणि घरी न जाता, स्टेशनवर घ्यायला आलेल्या मला याच वाटेनं न्यायचात. तुमचे डोळे लाल असायचे. मी म्हणायचे, झोपा की आप्पा. तुम्ही म्हणायचात, "झोप कुठं पळून जाती? चल."

एकदा मी विटेच्या तुकड्यानं देवळाच्या खांबावर माझं नाव लिहिलं होतं. नुकतंच लिहायला शिकले होते, जिथं तिथं लिहायचे. तुम्ही रागावला नाहीत. खांद्यावरचा टॉवेल नदीत भिजवून आणलात आणि माझ्या हातात दिलात. "पूस."

"इथं कुठं कुणाचं घर हाय?" मी म्हणाले.

"पूस म्हणलं न्हवं."

ओल्या दगडावर नाव आधी जास्तच उठून दिसायला लागलं. मी रडत रडत पुसते आहे आणि तुम्ही शेजारी अनवाणी उभे आहात, नदीकडे बघत. ते तुमचे पाय मला तुमच्या चेहऱ्यापेक्षा जास्त आठवतात. बुटात रात्रभर उकडून पांढरे पडलेले, बोटांच्या बेचक्यांत सुरकुत्या.

गेल्या रविवारी त्याच्यासोबत पोचले, तेव्हा उंबऱ्याशी मी न ठरवताच वाकले आणि चपला काढल्या.

"आत देव हाय?" तो म्हणाला.

"न्हाई."

"मग?"

"आमचे आप्पा काढायचे."

"का?"

"ते विचारायचं राहून गेलं."

त्यानं खाली बसून नव्या बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे घडी करून बुटात घातले. चार पावलांवर त्याला काटा लागला. "आयला," तो म्हणाला, आणि लगेच, "सॉरी." पायरीवर बसून त्यानं काटा काढला. मी तिरक्या झालेल्या वीरगळापाशी उभी होते. कुणासाठी तरी लढून मेलेल्या कुणाचा तरी दगड, नाव नाही. अशाच दगडांचं मला शिकायचं आहे, हे मी त्याला तिथं सांगितलं. पुण्याला एम.ए., पुरातत्त्व, दोन वर्षं हॉस्टेल, आणि प्रवेश याच आठवड्यात घ्यायचा. "थांबाल तुम्ही?"

त्यानं तळपाय दाबला. "मी थांबीन. पण घरचं न्हाई थांबायचं. धाकटीचं लग्न माझ्यामागं अडलंय."

"हो म्हणून मोकळं होता आलं असतं तुम्हाला."

"आता अनवाणी बसून खोटं कुठं बोलू?"

एवढ्यात मामांचा फोन. "कुठं उलथलाय दोघं? एक भेळ संपली, दुसरी चालू हाय."

संध्याकाळीच मुलाकडचा निरोप आला, मुलगी पसंत आहे. मामा खुश. मी शिकायचं काढलं तेव्हा म्हणाले, "आसं स्थळ दारात परत यायचं न्हाई. तुझा बाप आसता तर हेच बोलला आसता." आप्पा, तुम्ही काय बोलला असतात, हे मला खरंच माहीत नाही. तुम्ही कारणं सांगणारे नव्हतात. आपल्या मेंढरांचा कळप तुमच्या लहानपणी याच काठानं जायचा, रात्रीला देवळाशेजारी बसायचा, एवढं एकदा सांगितलं होतंत. त्या आठवणीला मान म्हणून पायातलं काढत असाल. किंवा रात्रभर बुटात शिजलेल्या पायांना तो गार दगड बरा वाटत असेल, बाकी काही नसेल. मला हे दुसरं कारण जास्त आवडतं. पण कुठलंही खरं धरवत नाही, म्हणून पाय थांबत नाहीत.

आपल्यात मुलीकडून थेट नकार जात नाही. मध्ये असलेल्या माणसानं पत्रिका जुळत नाही म्हणून कळवायचं असतं. मी मामांना न सांगता त्यालाच फोन लावला. माझा नकार शिकण्यासाठी आहे, पत्रिकेचं कुणी सांगितलं तर खरं धरू नका, म्हणाले. तो म्हणाला, "बरं केलं तुम्हीच सांगितलं." मग म्हणाला, "काट्याची जागा अजून दुखतीया," आणि हसला. मामांनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे. आईनं एवढंच विचारलं, "हॉस्टेलात पांघरूण देत्यात का आपलंच न्यावं लागतं?"

हे मी देवळाच्या पायरीवर बसून लिहिते आहे, चपला उंबऱ्याबाहेर. तुमचा पत्ता असता तरी हा कागद मी टाकला नसता, कारण पुढची ओळ घरात कुणालाच सांगितलेली नाही. तो मला आवडला होता, आप्पा. तरी काल त्याला नाही म्हणाले, आणि आज सकाळी पुण्याला जाऊन प्रवेश घेऊन आले.