फाटकाजवळची तगर

प्रिय आप्पा,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. सासऱ्यांना कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं, आणि लिहितेय ते तुम्ही नसताना! फाटकाजवळ खड्डा खणून ठेवलाय. त्यात कोणतं फुलझाड लावायचं यावरून घरात चार दिवस बोलणी चालली आहेत. पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

तुमचे चिरंजीव म्हणतात, लाल चाफा लावू, घराला शोभा येईल. नर्सरीवाल्यानं कांचन दाखवला, बॉटलब्रश दाखवला. मी एवढंच म्हणाले, काहीही लावा, तगर नको. का नको, हे कुणी विचारलं नाही. तुमच्या आठवणीनं मला रडू येईल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

तुमची तगर! लातूर जिल्हा झाला त्या पावसाळ्यात उस्मानाबादच्या कचेरीतून तुमची इथं बदली झाली, आणि घराला फाटकही नव्हतं तेव्हा तुम्ही ती लावलीत. "जिल्ह्याचं अन् हिचं वय एकच हाय," हे प्रत्येक पाहुण्याला सांगायचात, आणि मी आत चहा टाकताना हसायचे. सकाळी अंघोळ झाली की पाच फुलं तोडायची, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्यावर ती वाहायची. फूल दारचंच पाहिजे, विकतचं चालणार नाही. केवढा हट्ट होता तुमचा!

मग तो दुष्काळ आला. महिना महिना नळ नाही. टँकर गल्लीच्या तोंडाशी लागला की मी घागरी घेऊन पळायची, आणि तुम्ही अर्ध्या बादलीत अंघोळ उरकून उरलेली अर्धी तगरीला घालायचात. मी बोलले तुम्हाला. माणसांना प्यायला नाही आणि झाडाचे लाड कशाला, असं तोडून बोलले. तुम्ही बादली खाली ठेवलीत आणि म्हणालात, "बरं, सूनबाई. आजपासून झाड तुझ्याकडं."

ती अर्धी बादली मी स्वयंपाकघरात घेतली आणि झाडाला भांडी घासलेलं पाणी घालू लागले. पावडरीचं, फेसाचं. पाणी ते पाणी, असं मला वाटलं. बुंध्याशी पांढरा थर धरायचा, तो मी खराट्यानं सारून टाकायची. पानं पिवळी पडली, गळली. शेजारचे म्हणाले, दुष्काळानं नेलं, आणि मीही होकार भरला. खरं काय ते मला तेव्हाच कळलं होतं, आप्पा. तुम्ही वाळलेल्या खोडावरून हात फिरवलात, आणि त्यानंतर शेवटपर्यंत नुसत्या बेलपानावर पूजा केलीत.

आपल्या लिंगायत रीतीनं तुम्हाला समाधीत बसवलं, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, आणि स्वामींनी फुलं मागितली. बाजारातली शेवंती आणली होती. तुमच्या हातावर विकतचं फूल पडलं ते माझ्यामुळं. तिथं इतके लोक रडत होते, मी कशासाठी रडतेय हे कुणाला कळणार?

परवा शिरूर अनंतपाळला माहेरी गेले होते. परसात तगर फुललेली. दर पंचमीला मी तिची फुलं देवाला तोडते, पण ती कुठून आली हे कधी विचारलं नव्हतं. या खेपेला राहवलं नाही. आईला सगळं सांगितलं आणि म्हणाले, मला हिची एक फांदी दे.

आईनं मला हाताला धरून झाडापाशी नेलं. मग म्हणाली, "तुझ्याच दारची हाय ती. त्या उन्हाळ्यात तुझे सासरे यष्टीनं आले, ओल्या फडक्यात फांदी गुंडाळून. म्हणले, सूनबाई झाडाला साबणाचं पाणी घालायलीय, ते टिकायचं न्हाई. तुमच्या आडाला थोडं पाणी हाय, हितं लावा. तिला बोलू नका, घरात पाणीच न्हाई तर ती तरी काय करंल? आपणहून मागंल तवा द्या."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! मग मला अडवलं का नाहीत? एक शब्द बोलला असतात तर झाड वाचलं असतं. शिरूरला गेलात त्या दिवशी पेन्शनच्या कामाला जातो म्हणून निघालात, आणि उन्हात कुठं हिंडता म्हणून संध्याकाळी मी वर तुमच्यावरच चिडले. रागावला का नाहीत, आप्पा? रागावला असतात तर मी रडून मोकळी झाले असते.

पण तुम्हाला तरी काय बोल लावू? मीच वेळेवर कबूल केलं असतं, फांदी मागितली असती, तर समाधीच्या दिवशी तुमच्या हातावर तुमचीच फुलं पडली असती. शिरूर काही लांब नव्हतं.

फांदी आणलीय, तुमच्यासारखीच ओल्या फडक्यात गुंडाळून. चाफा, कांचन राहू द्या नर्सरीत. उद्या सकाळी लावणार, आणि माती लोटायच्या आधी तुमच्या मुलाला आणि नातींना समोर उभं करून सांगणार, की आप्पांची तगर दुष्काळानं गेली नाही, मी घालवली. पुन्हा नळ बंद पडला तर माझी अर्धी बादली तिची. आणि पहिली पाच फुलं घेऊन मी समाधीवर येईन. दारची फुलं, आप्पा.

तुमची सून,
महानंदा