झाकलेलं ताट

३ डिसेंबर
साखर काठावर. डॉक्टर गोळी लिहीत होते, म्हटलं दोन महिने द्या. ऑफिसातली हेतल सोळा-आठ करते: अकरा ते सात एवढ्यातच खायचं, बाकी पाणी नाहीतर कोरा चहा. आजपासून मीही. कंपनीच्या बसमध्ये मकरपुऱ्याच्या ऑफिसपर्यंत पोटात कावळे ओरडत होते आणि डोळ्यांसमोर सेव-उसळ.

५ डिसें.
घरी आल्या आल्या साडेसहाला जेवले. बाबांना तेव्हा भूक नसते. प्रतापनगरचं रेल्वेचं वर्कशॉप सुटून वीस वर्षं झाली, जेवण मात्र साडेआठचंच. साडेआठ वाजत आले की त्यांचं ताट वाढून झाकून ठेवते आणि गच्चीवर फेऱ्या मारायला जाते. भाजीचा वास आला की माझा निश्चय ढेपाळतो.
बाबांनी विचारलं, वार कुठला? कुठलाच नाही, तब्येतीसाठी. पटलं नाही. देव नाही, वार नाही, मग उपास कसला?

११ डिसें.
खरं सांगायचं तर उपास धरला ते बरंच झालं. आई भाद्रपदात गेली, तेव्हापासून रात्री जेवणाच्या टेबलाशी बसवत नाही. तिच्या खुर्चीवर मी बसायचं की ती रिकामी ठेवायची, हेच ठरत नव्हतं. उपासाने प्रश्न मिटवला.

२० डिसें.
बाबांचं ताट रोज लख्ख. पोळीचा तुकडा उरत नाही. स्वतःच धुऊन पालथं घालतात. आई असताना पाण्याचा पेला हलवला नव्हता. शिकतात हो म्हातारपणी.

२ जानेवारी
माझं वजन उतरलं. हेतलने कँटीनमध्ये टाळी दिली.
बाबांची पँट कमरेला चुण्या पडून बसते. थंडीत माणसाचं वजन वाढतं, यांचं उलटंच. विचारलं तर म्हणाले, वय झालं.

१४ जाने.
उत्तरायण. पतंगांसाठी सगळी सोसायटी गच्चीवर. खालच्या दक्षाबेननी उंधियू वाढला आणि बाबांचं कौतुक करत म्हणाल्या, "काका रोज राते कुतराने रोटली नाखे छे. शाक पण. बहु पुण्यनुं काम."
मी हसले. घास तोंडातच राहिला.
रोज. म्हणजे ताट झाकून मी वर गेले, की बाबा खाली जाऊन पोळी-भाजी कुत्र्याला

१५ जाने.
विचारलं. रागानेच विचारलं. बाबा म्हणाले, "एकट्याला घास उतरत नाही गं, बेबी. पण तुझं पथ्य कशाला मोडायचं?"
आईची एकादशी आठवली. पाण्याशिवाय काही नाही, पण बाबा जेवायला बसले की समोर निवडायची भाजी घेऊन बसायची. उपास तिचा, बाबांना कधी घडला नाही. माझा उपास मात्र त्यांनाच घडला. फार वाईट वाटतंय.

१७ जाने.
दोघांना दवाखान्यात नेलं. माझी साखर खाली आली, डॉक्टर खूश. मग बाबांना काट्यावर उभं केलं आणि आकडा दोनदा वाचला. या वयात गेलेलं वजन भरून येईलच असं नाही, म्हणाले. रिक्षात बाबा मलाच समजावत होते.

१८ जाने.
साडेआठ. दोन ताटं. आईच्या खुर्चीवर मी.
बाबांनी पोळी मोडली, दोन घास घेतले, थांबले. आग्रह केला, वांग्याची भाजी पुढे सरकवली. "भूकच मेलीय. तू जेव. तुला बघून बरं वाटतं."
जेवले. रडत रडत जेवले. साखर गेली चुलीत.
कुत्रा फाटकाशी येऊन भुंकला. दोघांनीही ऐकलं.
हे टेबलाशी बसूनच लिहितेय. बाबांच्या ताटात पोळी तशीच आहे. कुत्र्याला टाकायला ते उठलेले नाहीत. मीही उठत नाही.