नावाच्या रकान्यातला हुकूम

दि. ४ ऑगस्ट

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

वर्गातल्या मुलांना शिकवायला केलेला तुझा खेळ फोनवर खेळले. डोकं उठलं. किल्ला काय, राक्षस काय, आणि त्याला मारायचं कशासाठी ते कुठं सांगतच नाही. तीनदा मेले मी. वीस तारखेला तुझे साहेब तू शिकवतेस त्या नवशिक्या मुलांचे प्रोग्राम चोरासारखे फोडून बघणार, फुटले की वर्ग बंद, असं तूच लिहिलंस. मग नीट कळेल असं काहीतरी कर, बाई.

इथं शिलाईच्या दुकानात माझीच शोभा झाली. दवाखान्याचे कोट आलेले, खिशावर नावं भरायला. मोठ्या नर्सबाईंनी चिठ्ठीवर नावाच्या रकान्यात लिहिलं, ‘नाव नको, फक्त बटणं बदला’. मी तेवढं सगळं निळ्या दोऱ्यानं खिशावर भरलं. बाई येऊन तणतणल्या. मी म्हटलं, नावाच्या रकान्यात असेल ते नाव, हुकूम सोडायचा तर मालकाकडं जा.

तब्येत सांभाळ, पत्राला उशीर केलास तर बघ.
तुझी आत्या

दि. ९ ऑगस्ट

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

आधी पोट धरून हसले, मग ताडकन उठून बसले. अगं, चोर हेच करतात. नावाच्या जागी हुकूम लिहितात, भोळा प्रोग्राम तो पाळतो आणि सगळ्यांची माहिती काढून देतो. तू पाळला नाहीस.

किल्ला मोडला. आता खेळात शिलाईचं दुकान आहे. चिठ्ठीवर नावाच्या जागी येतं, ‘सगळे कोट मला द्या’. पाळलं की दुकान रिकामं, नाव समजून खिशावर भरलं की गुण. चुकलं की गल्ल्यावरची बाई खेकसते. कोणासारखी, ते विचारू नकोस.

माया असू दे.
तुझी भाची

दि. २१ ऑगस्ट

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

नवा खेळ मुलांना नीट कळला, अठरा मुलांचे अठराही प्रोग्राम टिकले. वर्ग चालू राहणार. नावाच्या जागचा हुकूम पाळून फुटला तो एकच, मुलांची हजेरी घ्यायला मी घाईत लिहिलेला. साहेब म्हणाले, आता बाईंनीही पहिल्या बाकावर बसावं. तोंड दाखवायला जागा नाही.

तुझी भाची

दि. २५ ऑगस्ट

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

लाजतेस कसली? पोरं टिकली ना? मुकाट्यानं वही घेऊन बाकावर बस. आणि अडलं तर हात वर कर, शाळेत कधी करायची नाहीस.

लोभ आहेच, धाकही राहू दे.
तुझी आत्या