स्पंज धुऊ नकोस

दि. १४, शुक्रवार
दुपारचे तीन

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोन तू उचलत नाहीस, त्याची तक्रार नाही. उचललास तरी मला दोन वाक्यांपुढे जाता येत नाही. उद्या सकाळी आत्या तुमच्या भागात येणार आहे, तिच्या हाती हे देतोय.

मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढवतो. इस्पितळात अवजारं वाफवायचा नवा ऑटोक्लेव्ह आलाय. जुना शिट्टी मारून बोलवायचा, हा नुसता दिवा लावतो, त्यामुळे सारखं वळून बघावं लागतं. आत्या रोज डबा आणते आणि "दादा, तू वाळत चाललायस" म्हणते. तुझी सायकल जिन्याखालीच आहे. महिन्यातून एकदा हवा भरतो.

आता आईच्या माशांबद्दल. सातातले दोन उरलेत.

हेडमास्तर आहे. तोच, काळा, बटबटीत डोळ्यांचा. "वर्गात कोण बोललं ते बघतोय," असं आई म्हणायची. आणि ती वाकड्या शेपटीची पांढरी. बाकीचे पाच माझ्या हातून गेले.

पुढच्या महिन्यात दोन तारखेला आईला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी तू येशील असं माझ्या मनाने घेतलं होतं. तू येशील तेव्हा टाकी लख्ख दिसावी, एवढंच डोक्यात होतं. खालचे निळे खडे फिके पडले होते, त्यांच्यावरचे रंगाचे पापुद्रे निघत होते. हात घातला की काळं काहीतरी वर यायचं. रविवारी मासे बादलीत काढले, सगळे खडे टाकून दिले आणि नवी वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुतली. काच घासली. मग फिल्टर उघडला. आतला स्पंज चिखलासारखा तपकिरी, पिळला तर चहासारखं पाणी. मला शिसारी आली. गावच्या शाळेत गुरुजी दर शनिवारी नखं तपासायचे, तेव्हा मी रांगेत पुढे उभा राहायचो. पुढे इस्पितळात सव्वीस वर्षं ऑपरेशनची अवजारं निर्जंतुक करण्यात गेली. असा माणूस काय करणार? तो स्पंज आणि त्याच्याखालच्या चिनी मातीच्या छोट्या नळ्या पातेल्यात घालून वीस मिनिटं उकळल्या. घड्याळ लावून.

संध्याकाळी टाकी अशी चमकत होती की मीच तिच्यापुढे हात जोडले.

मंगळवारी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. कल्ले लालभडक. मला वाटलं भूक लागली असेल, म्हणून जास्त खायला घातलं. बुधवारी सकाळी तीन गेले. काल आणखी दोन.

काल कामावरून परस्पर मासेवाल्याकडे गेलो, आईला ताई म्हणायचा तो. सगळं ऐकून त्याने कपाळावर हात मारला.

"काका, स्पंज उकळलात?"

"वीस मिनिटं."

"मग त्यात मीठ-मिरी टाकून प्यायचं तरी होतं! अहो, त्या घाणीवरच तर मासे जगतात. त्यांनी केलेली घाण, उरलेलं खाणं, सगळ्याचं विष होतं पाण्यात. ते विष खाणारे जंतू स्पंजात राहतात, खड्यांवर राहतात. तुम्ही गावातले सगळे झाडूवाले मारलेत आणि म्हणताय गाव स्वच्छ झालं."

"जंतू दिसला की मारायचा, सवय आहे हो हाताला."

"सगळे जंतू वैरी नसतात, काका. ताई कसं करायची? एका वेळी थोडेच खडे बदलायची, मग दोन आठवडे थांबायची. त्या दिवसांत फिल्टरला हात लावायची नाही. आणि स्पंज टाकीतल्याच पाण्यात दोनदा पिळायचा, बस. नळाखाली धरायचासुद्धा नाही."

आई हे सगळं माझ्यासमोर, याच घरात करायची. मी पेपर वाचत बसलेलो असायचो.

आता रोज थोडं थोडं पाणी बदलतोय. आदल्या दिवशी उघडं ठेवलेलं पाणी घालतो. खायला काही देत नाही. पण त्यावर ते दोघं फार दिवस काढणार नाहीत, असं तो म्हणाला. कुणाच्या तरी चालू फिल्टरमधला मळका स्पंज आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवला, तर त्यातले जंतू इथे पुन्हा वस्ती करतील. स्वतःचा तो देईना, कारण त्याच्या टाक्यांमध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आलाय. मग म्हणाला, "ताईच्या मुलीकडे आहे ना छोटी टाकी? ताईने आपल्या फिल्टरचा स्पंज कापून अर्धा तिला दिला होता. माझ्याच कात्रीने कापला."

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे आईच्या टाकीतलं ते जिवंत काही आता फक्त तुझ्याकडे आहे.

आज सकाळी देवापुढे उभा राहिलो, तर मागायला काही सुचेना. माशांसाठी मागायचं तर दुसरंही मागावं लागलं असतं.

इथे पत्र संपवून घडी घातली होती. पुन्हा उघडलं.

आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी तू तिच्या खोलीत आलीस आणि पलंग मोकळा होता. गादी देऊन टाकली होती, फरशी औषधाने पुसली होती. तिची राखाडी शाल मी उकळत्या पाण्यात धुऊन वाळत घातली होती. तू ती नाकाला लावलीस. म्हणालीस, "बाबा, आईचा वाससुद्धा ठेवला नाहीत तुम्ही." मी म्हणालो, "आजाऱ्याचे कपडे धुवावेच लागतात." तू पिशवी उचललीस आणि गेलीस.

माझं ते उत्तर खरं नव्हतं.

आईच्या छातीत शेवटी जो जंतू सापडला, त्याचं नाव आमच्या कामाच्या खोलीत भिंतीवर लावलेलं आहे. रोज येता-जाता वाचतो. तो इस्पितळातलाच. तिचा ताप वाढला त्याच्या आधीच्या आठवड्यात दोन दिवस मी कपडे न बदलता तसाच घरी आलो होतो. तिच्या औषधाची वेळ चुकू नये म्हणून. तसाच तिच्या उशाशी बसलो, तिला टेकवून पाणी पाजलं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तुमच्यामुळेच झालं असं काही सांगता येत नाही. त्या स्वतःही दोनदा इथे भरती होत्याच की." सांगता येत नाही, असं म्हणाले ते. "नाही" असं म्हणाले नाहीत.

त्या खोलीत मी तो जंतू मारत होतो, भिंगरे. ती गेल्यावर चार दिवसांनी.

हे आत्यालाही ठाऊक नाही. देवालाही शब्दांत सांगितलेलं नाही. त्याला माहीतच असणार, अशी सवलत घेत आलो. तुझ्याकडून ती घेता येणार नाही. हे वाचून तू आणखी लांब गेलीस, तर तुला बोल लावणार नाही. माशांचा मात्र यात काही दोष नाही.

आणखी एक. रविवारी टाकीखालचं कपाट ओढलं, तेव्हा मागे आईच्या जुन्या गाऊनचा तुकडा सापडला. पाणी बदलताना हात पुसायला ती खांद्यावर टाकायची, तो. माझ्या तावडीतून सुटलेला. त्याला माशांच्या खाण्याचा वास येतो आणि मग, जरा थांबलं की, तिच्या बामचा. साबणाच्या बादलीपर्यंत नेला होता. मग दोन पिशव्यांमध्ये गुंडाळून कपाटात वर ठेवला. सारखा उघडत नाही, वास उडेल म्हणून. तो तुझा आहे. आत्याबरोबर पाठवत नाही, ती रस्त्यात भाजी घेईल आणि त्याच पिशवीत टाकेल.

स्पंज आत्याच्या हाती दिलास तरी चालेल. तुझ्या टाकीच्या पाण्यात बुडवून दे, डब्याचं झाकण घट्ट लावू नकोस. सगळा देऊ नकोस, अर्धाच दे, नाहीतर तुझे मासे आजारी पडतील. आणि देण्याआधी धुऊ नकोस. असेल तसा दे.

तू स्वतः आणलास तर मी दुपारी दोननंतर घरीच असतो. हल्ली कपडे इस्पितळातच बदलून येतो.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेले,
हेडमास्तर, वाकड्या शेपटीची पांढरी,
आणि बाबा