२१२ पैकी २१२

४ फेब्रुवारी, सोमवार
गायी-म्हशी पाळणाऱ्या बायकांना कसली माहिती हवी असते ते शोधायचं आणि ती मोबाइलवर पोचवायची, असं मोठं काम ऑफिसने माझ्यावर सोपवलं. साहेब म्हणाले, तुमच्याशिवाय कोण करणार? बाकीचे दोघे रजेवर आहेत हा भाग वेगळा. संकल्प: आठवड्यात दोनशे फॉर्म.
घरी आलो तर बायको म्हणाली, तांबडीच्या एका सडातून दुधात गाठी येताहेत, काय करायचं? तांबडी म्हणजे आमची गाय. म्हणजे हिचीच, वासरापासून हिनेच वाढवलेली. प्रश्न उत्तम आहे. फॉर्ममध्ये नवव्या नंबरला घातला.

५ फेब्रुवारी
संध्याकाळी सहाला गावच्या हॉलमध्ये महिला मेळावा. महिला: शून्य. पुरुष: एकतीस. बायका कुठे आहेत विचारलं, तर धारा काढताहेत म्हणाले. आता याला काय म्हणायचं! स्वतःच्याच फायद्याचं कळत नाही.
फॉर्म नवऱ्यांकडून भरून घेतले. माहिती घरातलीच आहे, कोणी का सांगेना. एकाने लिहिलं, बायकोला सगळं येतं, काही नको. पुढच्या तिघांनी त्याचंच बघून लिहिलं.
ही म्हणाली, कास गरम लागतेय, डॉक्टरांना सांगा ना. जनावरांचे डॉक्टर ऑफिसात माझ्या शेजारच्याच खोलीत बसतात. सांगतो म्हटलं.

६ फेब्रुवारी
वेळ बदलली. मेळावा सकाळी साडेसहाला. महिला: दोन. त्यांतली एक हॉल झाडायला आली होती.
डॉक्टरांना सांगायचं राहिलं. चहाला भेटले होते, पण विषय प्रमोशनचा निघाला.

७ फेब्रुवारी, रात्री ८
आजूबाजूच्या गावांतले नवरे धरून फॉर्म २१२! मोबाइल नंबरही २१२. नंबर अर्थात घरच्या कर्त्याचा. आमच्या घरचा माझा दिला.
हिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, जरा दम धर, उद्या सगळ्यांनाच शास्त्रशुद्ध माहिती जाणार आहे. ती गोठ्यात गेली. स्वभाव उतावळा आहे, पहिल्यापासून.

८ फेब्रुवारी, शुक्रवार, ११.२०
संदेश गेला. मजकूर माझा: ‘कास गरम, दुधात गाठी, म्हणजे दगडी हा कासेचा आजार. त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. सड वारंवार रिकामे करा. उशीर केल्यास जनावर दगावू शकते.’ मीटिंगमध्ये माझ्याच खिशात वाजला. दोनदा वाचला. भाषा सोपी आणि नेमकी. ‘दगावू’ शब्द साहेबांना फार आवडला.
ही संध्याकाळी म्हणाली, तांबडी उठत नाही. तेव्हा फोन चार्जिंगला होता, डॉक्टरांना लावायचा राहिला.

९ फेब्रुवारी
सुट्टी. ही पहाटेच चालत डॉक्टरांच्या घरी गेली आणि त्यांना घेऊनच आली. त्यांनी कास दाबून बघितली, सुया दिल्या. मला म्हणाले, अहो, चार दिवस शेजारी बसता, एक शब्द बोलला नाहीत? मी म्हटलं, कालच संदेश पाठवलाय, सविस्तर. त्यांनी हिच्याकडे बघितलं. ही तांबडीच्या तोंडावरच्या माशा हाकत होती.

१० फेब्रुवारी
तांबडी दुपारी गेली.
ही रडली नाही. गोठा धुतला. मी मदत करू का विचारलं, नको म्हणाली.

११ फेब्रुवारी, सोमवार
अहवाल दिला. पोहोचलेले संदेश: २१२ पैकी २१२. साहेबांनी पाठ थोपटली. हा उपक्रम इतर तालुक्यांतही नेणार म्हणे. आनंद व्हायला हवा होता. जेवण गेलं नाही, बहुतेक पित्त.

१३ फेब्रुवारी
शेजारच्या तिघी गोठ्याच्या दाराशी आल्या होत्या. एकीच्या म्हशीची कास सुजलीय. ही त्यांना सांगत होती: लगेच डॉक्टरांकडे जा, स्वतः जा, घरात कोणाला सांगत बसू नका. मी ओसरीवर होतो. कोणी माझ्याकडे बघितलं नाही.

१४ फेब्रुवारी
नमुन्यादाखल एक फॉर्म खुद्द महिलेकडून भरलेला हवा, असं वरून आलं. हिला समोर बसवलं. जनावरं किती? नाहीत. प्रश्न नववा मी गाळला. शेवटचा प्रश्न, आणखी कोणती माहिती हवी आहे? ही म्हणाली, काही नको.
तुला मला काही विचारायचंय का, असंही विचारलं. फॉर्ममध्ये नाही, आपलं सहजच. नाही म्हणाली आणि उठली.
तसं लिहून टाकलं.