वारा पाठीमागून होता

प्रिय वांडा,

माझं अक्षर दिसलं तर तू पाकीट फोडणार नाहीस, म्हणून पत्ता शेजारच्या आयरीनकडून लिहून घेतला. तीन वर्षांनी बापाने लेकीला पत्र लिहायचं आणि सुरुवातच लबाडीने करायची! तुझी आई असती तर तिने मला चांगलंच झापलं असतं.

घरी सगळं ठीक आहे, म्हणजे बिघडायला फारसं उरलेलंच नाही. सकाळी कॉफी अजून दोघांची होते. उरलेली दुपारी गरम करून पितो. गॅरेजमधली लाल गाडी आठवड्यातून एकदा सुरू करतो, तेवढाच घरात आवाज. आता त्याच नावाची विजेवरची गाडी निघाली आहे आणि तिला इंजिनाची गुरगुर स्पीकरमधून दिली आहे. ट्रॅकवरचा माझा जुना सोबती चेस्टर तिला कवळी लावलेला वाघ म्हणायचा. मायलेजचे नियम एक सरकार आवळतं, दुसरं ढिले करतं, आणि नियम ढिले झाले की चेस्टरला वाटतं आपली दांडग्या इंजिनाची मसल कार परत येणार. मला तसं वाटत नाही. आठ सिलिंडरांची इंजिनं जोडणारी माणसं एकदा पांगली की पुन्हा गोळा होत नाहीत. आमच्यातले दोघं तर फ्लोरिडाला जाऊन गोल्फ खेळतात.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर नेहमीसारखी जुन्या गाड्यांची रांग निघाली. आम्ही टेस्ट ट्रॅकवरचे सगळे म्हातारे सकाळीच रस्त्याकडेच्या हिरवळीवर घडीच्या खुर्च्या मांडून बसलो होतो. आमच्या गाडीचं शेवटच्या वर्षाचं मॉडेल समोरून गेलं आणि चेस्टर म्हणाला, "बघून घ्या रे, लिओच्या पोरीने हिचा गळा घोटला. बापाच्याच अन्नात माती कालवली." सगळे हसले. तीन वर्षं असंच चाललंय. तुमच्या सरकारी खात्याने आमचा मायलेजचा आकडा पुन्हा तपासला, तो खोटा निघाला, गाडी बंद झाली, दोनशे माणसं घरी बसली, आणि अहवालाखालच्या सह्यांमध्ये एक सही तुझी. आमच्या लोकांना तेवढं पुरलं. आईच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये तू उकडलेल्या पिएरोगी करंज्यांची बशी घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटी बसली होतीस. माझे मित्र तुझ्याजवळून जाताना मान वळवत होते. मी पलीकडच्या टेबलावरून ते पाहत होतो आणि उठलो नाही. त्या दिवशी तू मला न सांगता निघून गेलीस, ते बरोबरच केलंस.

आता जे सांगायचं ते सांगतो. गाडी सत्तर मैलांच्या वेगाला नेऊन न्यूट्रलमध्ये सोडायची आणि ती मंदावायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, ही माझी शेवटच्या पंधरा वर्षांची नोकरी. त्या सेकंदांवरून पुढे मायलेज ठरतं, सेकंद जास्त तर मायलेज चांगलं. फेरी दोन्ही दिशांनी मारायची, म्हणजे वाऱ्याची मदत आणि अडथळा सारखा होतो. त्या शेवटच्या मॉडेलच्या चाचणीच्या आठवड्यात आकडा थोडक्यासाठी कमी पडत होता. आई दवाखान्यात होती, वरून सारखी विचारणा होत होती, आणि मला ती गाडी फार आवडायची, हेही खरं. मी टायरमध्ये जास्तीची हवा भरली, वारा पाठीमागून असताना दोन फेऱ्या मारल्या आणि त्यातली एक उलट दिशेची म्हणून लिहिली. मला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. आकडा बसल्यावर सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, आणि आता काही सुधारायला नको असं मानून इंजिनवाली पोरं दुसऱ्या कामाला लागली. खरा आकडा गेला असता तर त्यांनी दोन वर्षांत काहीतरी जुळवलं असतं. गाडी हलकी केली असती, चालत्या इंजिनातले चार सिलिंडर बंद ठेवायची युक्ती बसवली असती. गाडी तुझ्या सहीने नाही गेली, वांडा. माझ्यामुळे गेली आणि नाव तुझं झालं. ते सोयीचं होतं म्हणून मी होऊ दिलं.

त्या दिवशी चेस्टरचं बोलणं ऐकून मीही नेहमीसारखा हसलो. मग माझं मलाच इतकं हलकट वाटलं की तिथेच सगळं सांगून टाकलं. "आणि तुझ्यामुळे आम्ही तिच्याशी हातसुद्धा मिळवला नाही," एवढंच चेस्टर म्हणाला, खुर्ची मिटली आणि गेला. मागोमाग बाकीचेही गेले. तेव्हापासून शनिवारच्या नाश्त्याला मला कोणी बोलावत नाही. फार एकटं वाटतं. पण तू तीन वर्षं काय सोसलंस ते आता कुठे थोडं कळायला लागलंय.

पत्र लिहायचं कारण असं की येत्या गुरुवारी सकाळी दहाला मी तुमच्या ऑफिसात लेखी जबाब द्यायला येतोय. वेळ घेतली आहे. बाप आत येऊन बसलाय हे तुला सहकाऱ्याच्या तोंडून कळू नये असं वाटलं. त्या दिवशी तू रजा घेतलीस तरी मला वाईट वाटणार नाही, म्हणजे वाटेल, पण ते तुझ्या माथी मारणार नाही. आणि आलीस, तर जबाब तू लिहून घेणं नियमात बसणार नाही हे मला ठाऊक आहे. नुसती खोलीत बस. माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल.

तुझाच,
बाबा